कळकलेला कोबाल्ट : उद्यमनगरातल्या एका न सुकणाऱ्या पत्र्याचे प्रकरण

वरची फिल्म सोलली आणि त्याने फायबरच्या पत्र्यावर अंगठा दाबून उचलला. रेषांसकट ठसा उमटला. तलाठ्याकडे देतात तसा. पत्रा टाकून अठरा तास उलटले होते.

"सर, काल दुपारी तीनला टाकलाय. सकाळी काढायला गेलो तर नुसता हलवा. हातात धरला की वाकतोय."

हा माझा जुना विद्यार्थी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि शिवाजी उद्यमनगरातल्या वडिलांच्या फायबरच्या कारखान्यात शिरला. कारखाना म्हणजे एका बाजूला लेथ आणि दुसऱ्या बाजूला पॉलिशवाला यांच्या मधली लांबट शेड. दोन माल निघतात : गुऱ्हाळांच्या आणि गोठ्यांच्या छपराला लागणारे उजेडाचे नालीदार पत्रे, आणि पाण्याच्या टाक्यांची झाकणे. पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा, झाकण त्याच्या तिप्पट जाड. जाडीचा हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

जुलै सुरू होता. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती. अशा दिवसांत कोल्हापुरात वाळत घातलेले कपडेसुद्धा पावसाच्या नावाने माफ असतात. तीन आठवडे पत्रे चिकट निघत होते, त्याचाही दोष सगळ्यांनी पावसाला देऊन टाकला होता. मला बोलावले ते पाऊस चार दिवस उघडला आणि तरीही पत्रा सेट होईना तेव्हा.

ज्यांनी फायबरचे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी कृती सांगतो. रेझिन म्हणजे असंपृक्त पॉलिएस्टर, स्टायरीनमध्ये विरघळवलेले. मधासारखे घट्ट, आणि नाकात बसणारा वास. एक किलो रेझिनला साधारण दहा मिली 'कोबाल्ट' घालायचे. ते म्हणजे कोबाल्ट ऑक्टोएटचे जांभळे-निळे द्रावण. नीट ढवळून झाले की दहा ते पंधरा मिली 'हार्डनर'. हार्डनर म्हणजे मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड, पाण्यासारखे दिसणारे आणि पाण्यासारखे अजिबात न वागणारे. मग काचतंतूंची मॅट अंथरून हे मिश्रण तिच्यात मुरवायचे, रोलरने हवा काढायची. पत्र्याच्या कामात खाली-वर पॉलिएस्टरची फिल्म लावतात आणि तो नालीदार साच्यावर बसवतात. पंधरा-वीस मिनिटांत मिश्रण जेल होते, तासा-दोन तासांत टणक. कोबाल्ट आणि हार्डनर सरळ एकमेकांत मात्र कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. कारखान्यातल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि बरेचदा एवढेच शिकवतात.

शॉपमध्ये 'कॅटॅलिस्ट' म्हणतात ते हार्डनरला. रसायनाच्या भाषेत हे उलटे आहे. हार्डनर खर्ची पडतो, तो आरंभक. उत्प्रेरकाचे खरे काम कोबाल्ट करतो, कारण तो पुन्हा पुन्हा मूळ रूपात येऊन तेच काम करत राहतो. मी ही चूक दुरुस्त करायला गेलो तर मिस्त्री म्हणाले, "नाव काय बी द्या सर, पत्रा सेट करून दाखवा." त्यात तथ्य होते.

संशयितांची यादी आधीच तयार होती, आणि माझ्या आधी तिघांनी तिचा पाठपुरावा केला होता.

पहिला पाऊस. गारठ्याने आणि दमटपणाने जेल व्हायला वेळ लागतो हे खरेच आहे. तापमान दहा अंशांनी उतरले की वेळ ढोबळमानाने दुप्पट होतो. पण एप्रिलमधले सतरा मिनिटांचे काम जुलैमध्ये तीस-पस्तीस मिनिटांवर जाईल, अठरा तासांवर नाही. शिवाय पत्र्याच्या दोन्ही बाजूंना फिल्म असते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पॉलिएस्टरची उघडी बाजू चिकट राहते ही रोजची गोष्ट, पण इथे हवा पोचतच नव्हती.

दुसरा संशयित हार्डनर. जुना झाला की तो मेलेला निघतो. नवा कॅन आणला, फरक पडला नाही.

तिसरा रेझिन, आणि इथे प्रकरण पैशावर गेले. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, पुरवठादाराचे बिल अडवून ठेवले. पुरवठादार स्वतः आला, त्याच ड्रममधले रेझिन घेतले, आपल्या पिशवीतला कोबाल्ट आणि हार्डनर घातला, आणि अठरा मिनिटांत वाटी उलटी करून दाखवली. आप्पांचा विश्वास बसला नाही. "त्यानं काहीतरी जादा टाकलं असणार." पुरवठादार रागाने निघून गेला. मला वाटते प्रकरणाचे उत्तर त्या क्षणी टेबलावर पडले होते. हार्डनर तर आधीच बदलून झाला होता. त्या प्रयोगात वेगळी अशी एकच गोष्ट उरत होती, आणि ती वेगळी आहे हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

मी गेलो तेव्हा आधी माल पाहिला नाही, वही मागितली. आप्पांची जुनी सवय : कोणत्या दिवशी किती नग टाकले, किती बाद झाले हे एका लाल वहीत लिहायचे. रसायनशास्त्रातल्या माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांची प्रयोगवही इतकी नीट नसते. तीन आठवड्यांचे बाद नग मी पेन्सिलीने खुणावले आणि दोन गोष्टी वर आल्या. बाद झालेले सगळे नग पत्रे होते. झाकणे उशिरा, पण सेट होत होती. आणि सगळ्यात वाईट माल निघत होता तो आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी. त्यानंतर दोन-तीन दिवस जरा बरे, मग पुन्हा सुट्टी, पुन्हा हलवा.

पाऊस सुट्टी बघून पडत नाही. रेझिनचा ड्रम बंद असतो, हार्डनरचा कॅन बंद असतो. जे काही बिघडत होते ते नुसते ठेवल्याने बिघडत होते, आणि सुट्टीच्या दिवशी ते जास्त वेळ ठेवले जात होते.

"तुमच्याकडे उघड्यावर काय राहतं?" मी विचारले.

"काहीच नाही सर. सगळं झाकून."

"झाकून कशात?"

तेव्हा मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या फळीकडे हात केला. तिथे एक पितळी मापटे होते, वर स्टीलची ताटली. आत बोटभर कोबाल्ट.

गोष्ट साधी होती. कोबाल्टच्या कॅनमधून दर वेळी दहा मिली काढणे जिकिरीचे, म्हणून पूर्वी एका प्लास्टिकच्या मगमध्ये दिवसाचा कोबाल्ट काढून ठेवत. जूनच्या अखेरीस तो मग तडकला. आप्पांनी घरून धान्य मोजायचे जुने मापटे आणून दिले. भक्कम, रुंद तोंडाचे, कलंडत नाही. संध्याकाळी उरलेला कोबाल्ट परत कॅनमध्ये ओतत नसत, शहाणपणाची गोष्ट. तो मापट्यातच राही आणि सकाळी त्यावर नवी भर पडे. मापट्याच्या आत द्रावण जिथवर यायचे तिथे काठाला एक हिरवट कडा धरली होती. नखाने खरवडली तर नखाखाली हिरवी भुकटी आली.

एवढे दिवस कुणी मापट्याचे नाव का काढले नाही? कारण ते माल नव्हते. रेझिन बदलून पाहिले, हार्डनर बदलला, मॅट बदलली, माणूससुद्धा बदलला. भांडे कुणी मालात धरत नाही.

संशय आला म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे. त्या दुपारी आम्ही चार कागदी कप मांडले. प्रत्येकात त्याच ड्रममधले शंभर ग्रॅम रेझिन, त्याच कॅनमधला हार्डनर, एकच टेबल, एकच वेळ, म्हणजे पाऊस सगळ्यांना सारखा. पहिल्या कपात कॅनमधला ताजा कोबाल्ट, एक मिली. दुसऱ्यात मापट्यातला, एक मिली. तिसऱ्यात मापट्यातला दोन मिली, कारण पोरांनी मधल्या काळात हाच उपाय चालवला होता : सेट होत नाही ना, मग कोबाल्ट वाढवा. चौथा कप मी राखून ठेवला.

पहिला कप बावीस मिनिटांत जेल झाला. काडी बुडवून उचलली तर तार न निघता तुकडा निघाला. थोड्या वेळाने कप हातात धरवेना इतका तापला. दुसरा कप तासाभरानेही सुस्त होता. दीड तासाच्या सुमारास तो घट्ट होऊ लागला आणि कोमटाच्या पुढे गेला नाही. तिसऱ्याची गत दुसऱ्यापेक्षा वाईट. जास्त औषध, जास्त दुखणे.

मिस्त्री तिसऱ्या कपाकडे बराच वेळ बघत राहिले. तीन आठवडे ते पोरांवर ओरडून कोबाल्ट वाढवायला लावत होते.

मापट्यातले थोडे द्रावण मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. विरल सल्फ्युरिक आम्लाबरोबर हलवले की धातू पाण्याच्या थरात उतरतात. त्या पाण्यात पॉलिश-पेपरने घासलेला लोखंडी खिळा टाकून ठेवला. शेजारी ताज्या कोबाल्टचे तसेच पाणी, तसाच खिळा. तासाभराने पहिल्या खिळ्याचे टोक गुलाबी-तांबूस झाले होते, दुसरा राखाडीच. खात्री म्हणून किप उपकरणातला हायड्रोजन सल्फाइड वायूही सोडला. आम्लात तांब्याचा काळा साका खाली बसतो, कोबाल्टचा बसत नाही. तो पुढच्या गटातला, त्याला अल्कधर्मी पाणी लागते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला क्षार ओळखताना सडक्या अंड्याच्या वासाला नाक मुरडणाऱ्या प्रत्येकाने हे केलेले असते. काळा साका आला. मापट्यात तांबे विरघळले होते.

आता चौथा कप. ताज्या कोबाल्टमध्ये बाहेरून तांबे घातले तर हेच घडते का? धुण्याच्या साबणाच्या पाण्यात मोरचुदाचे द्रावण घातले की तांब्याचा हिरवा साबण तयार होतो. तो धुऊन, वाळवून गरम टर्पेंटाइनमध्ये विरघळवला आणि त्याचे दोन थेंब ताज्या कोबाल्टच्या कपात टाकले. बावीस मिनिटांचे काम तासापलीकडे गेले. दोन थेंबांत तांबे ते किती असणार! एक किलो रेझिनमध्ये दहा मिलिग्रॅम तांबे म्हणजे दहा पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग. खेळ त्याच पातळीवरचा आहे.

हे असे का होते ते जरा थांबून सांगतो, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

कोबाल्ट विद्युतभाराच्या दोन रूपांत राहू शकतो, दोन धन आणि तीन धन. दोन धनाचा कोबाल्ट हार्डनरच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतो, रेणू मधोमध तुटतो आणि एक मुक्त मूलक मोकळा होतो. मुक्त मूलक म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनचा, जोडीसाठी अधीर झालेला तुकडा. आता तीन धन झालेला कोबाल्ट हार्डनरच्याच दुसऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन परत घेतो आणि पुन्हा दोन धन होतो. अशा फेऱ्यांतून मूलक निघत राहतात, ते स्टायरीन आणि पॉलिएस्टरच्या दुहेरी बंधांना भिडतात, साखळी वाढते, साखळ्या एकमेकींत गुंततात. कपात जे जेल होते ते हे जाळे. प्रत्येक जोडणीला उष्णता सुटते, त्या उष्णतेने पुढची जोडणी आणखी वेगात होते.

तांब्यालाही दोन रूपे आहेत, एक धन आणि दोन धन. म्हणजे तेही इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत उतरू शकते. पण दोन धनाच्या तांब्याची एक खोड आहे : वाढत्या साखळीच्या टोकावरचा एकटा इलेक्ट्रॉन ते पटकन काढून घेते. टोक मेले, साखळी थांबली. तांबे मात्र मरत नाही. एक धन झालेले तांबे हार्डनरकडून किंवा तीन धनाच्या कोबाल्टकडून पुन्हा दोन धन होते आणि पुढच्या टोकाच्या वाटेला उभे राहते. म्हणून दहा पीपीएम पुरतात. कोबाल्ट जितक्या वेळा साखळ्या सुरू करतो, तितक्या वेळा हे त्या कापत राहते. दोघेही उत्प्रेरकच, फक्त उलट्या दिशेचे.

पितळेत जस्तही असते. त्याची इथे अडचण नाही, कारण जस्त विरघळले की दोन धनावरच बसून राहते. ज्याला रूप बदलता येत नाही तो या देवाणघेवाणीत पडत नाही.

जाड झाकणे का तरली हेही यातून उलगडते. जाड थरात उष्णता कोंडते, आतले तापमान चढते आणि तांब्याने मंदावलेली क्रिया कशीबशी शिखर गाठते. दीड मिलिमीटरच्या पत्र्यातली उष्णता मात्र जुलैच्या गारठ्यात साच्यावाटे निघून जाते. तांबे एकटे असते तर एप्रिलमध्ये कदाचित खपून गेले असते. पावसाला सगळ्यांनी दोष दिला तो पूर्ण खोटा नव्हता. पाऊस साथीदार होता.

आणि पितळ विरघळले कसे? कोबाल्ट ऑक्टोएट हा एका सेंद्रिय आम्लाचा क्षार, आणि अशा द्रावणात थोडे मोकळे आम्ल असतेच. आम्ल, वरून हवा आणि खाली पितळ एवढे जमले की तांबे सुटू लागते. हे मी अशा थाटात समजावत होतो की जणू शोध लावला. मापटे धुवायला आप्पांच्या घरी गेले होते, आणि त्याच्यामागून आम्हीही चहाला गेलो होतो. काकूंनी आत बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ह्याची कल्हई जाऊन धा वर्षं झाली. ह्यात ताक ठिवलं असतं तर कळकलं असतं. तुमचं औषध कसं ऱ्हाईल?"

कळकणे. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवले की पदार्थ हिरवटतो, तोंडात धातूची चव येते, खाल्ले तर मळमळते. या एका क्रियापदात आमचे चारही कप बसत होते. आप्पा बशीत बघत राहिले.

यापुढचे त्या शेडमध्ये कुणी विचारले नव्हते, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवले नाही. प्लास्टिकच्या इतिहासातला एक मोठा शोध अशाच एका भांड्यातून निघाला आहे.

जर्मनीत रूर नदीकाठच्या म्युलहाइम गावात कोळशावरच्या संशोधनासाठी निघालेली एक संस्था आहे. कार्ल झिग्लर तेव्हा तिचे संचालक होते. इथिलीन वायूवर ट्रायइथिल ॲल्युमिनियमची क्रिया घडवली की कार्बनची साखळी दोन-दोनाने वाढत जाते, हे त्यांच्या गटाला ठाऊक झाले होते. साखळ्या हव्या तेवढ्या लांब होत नव्हत्या, पण वाढत होत्या. 1953 मध्ये त्यांच्या होल्ट्सकाम्प नावाच्या विद्यार्थ्याच्या भांड्यात एकदा साखळी वाढलीच नाही. दोन इथिलीन जोडले जाऊन क्रिया तिथेच थांबली, हाती फक्त ब्यूटीन आले. कृती तीच, रसायने तीच. शेवटी दोष सापडला तो पोलादी दाबपात्रात राहिलेल्या निकेलच्या अंशात.

आमच्यात आणि झिग्लरमध्ये फरक इथून पुढे पडतो. आम्ही मापटे बदलले आणि मोकळे झालो. त्यांनी विचार केला की एका धातूचा लवलेश साखळी तोडू शकतो तर दुसरा एखादा ती वाढवूही शकेल. मग ॲल्युमिनियमच्या संयुगाबरोबर एकेक धातू घालून बघण्याचा सपाटा सुरू झाला. त्याच वर्षी झिर्कोनियमने पांढऱ्या पॉलिथिलीनचा गोळा दिला. टायटॅनियम टेट्राक्लोराइडने तर कमाल केली. इंग्लंडमध्ये 1933 साली सापडलेल्या पॉलिथिलीनला हजाराहून अधिक वातावरणांचा दाब लागत असे. हे नवे पॉलिथिलीन साध्या दाबाला तयार झाले. पुढच्या वर्षी इटलीत ज्युलिओ नात्ता यांनी त्याच जोडीतून प्रॉपिलीनच्या नीट रांगेत लागलेल्या साखळ्या मिळवल्या. 1963 चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना मिळाले. आप्पांच्या शेडबाहेर पडलेली पॉलिप्रॉपिलीनची पोती आणि घरातली प्लास्टिकची घागर, दोन्हींची वंशावळ त्या मळक्या दाबपात्रापर्यंत जाते.

पुढे त्या टायटॅनियमच्या शेजारी आणखी एक धातू आला, मॅग्नेशियम. सुरुवातीच्या उत्प्रेरकांत बराचसा टायटॅनियम स्फटिकाच्या पोटात अडकून वाया जात असे, आणि प्लास्टिकमध्ये राहिलेला त्याचा अंश अल्कोहोलने धुऊन काढावा लागे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅग्नेशियम क्लोराइडच्या कणांवर टायटॅनियम बसवण्याची युक्ती निघाली. दोन्ही आयनांचा आकार जवळपास सारखा, त्यामुळे टायटॅनियम त्या जाळीच्या कडांवर चपखल बसतो. क्रियाशीलता इतकी वाढली की उत्प्रेरक चिमूटभर पुरू लागला आणि धुण्याची पायरीच गळाली. मॅग्नेशियम स्वतः एकही साखळी वाढवत नाही. तो फक्त शेजारी असतो. अलीकडे ह्यूस्टन विद्यापीठासारख्या ठिकाणी निकेलच्या उत्प्रेरकाशेजारी मुद्दाम लिथियम, सोडियम किंवा पोटॅशियमचा आयन बसवून पाहतात. निकेल तेच असते, पण शेजारी बदलला की वेग बदलतो, साखळीला फुटणाऱ्या फांद्याही बदलतात.

कोबाल्टचेच बघा. उद्यमनगरात तो कर्ता पुरुष. पाण्याच्या बाटलीचे पीईटी हे प्लास्टिक बनवताना मात्र मुख्य काम अँटिमनीचे, साधारण 200 ते 300 पीपीएम. तिथे कोबाल्टची एक चिमूट घालतात ती मुख्यतः पिवळटपणा मारायला, आपण पांढऱ्या धोतराला नीळ देतो तशी. आणि तांब्याला खलनायक ठरवून मोकळे होण्याचीही सोय नाही. मोठा, अवघड नग टाकायचा असेल आणि हाताला वेळ हवा असेल तर फायबरवालेच कॉपर नॅफ्थेनेटचे थेंब मुद्दाम घालतात. कोबाल्टच्या विषारीपणामुळे आता कोबाल्टशिवायचे प्रवेगक बाजारात आले आहेत; त्यांतल्या काहींत योग्य रेणूंच्या संगतीत बसवलेले तांबेच कोबाल्टची जागा घेते. आमच्या मापट्यातले तांबे बिनबुलाये आले आणि कुणी मोजले नाही, इतकाच त्याचा गुन्हा.

शेडमध्ये परत येऊ. मापटे त्याच दिवशी हद्दपार झाले. दिवसाचा कोबाल्ट आता जाड पॉलिथिलीनच्या झाकणाच्या बाटलीत असतो. नवा कॅन उघडला की कागदी कपात शंभर ग्रॅमची चाचणी आणि मिनिटे लाल वहीत. निघता निघता माझी नजर हार्डनरच्या कॅनकडे गेली, आणि खरे सांगायचे तर पत्र्यांपेक्षा मला भीती वाटली ती तिथे. ओतायला सोपे जावे म्हणून कुणीतरी त्याला छोटी पितळी तोटी बसवली होती. पेरॉक्साइडला तांबे, पितळ, लोखंड लागले की ते जागच्या जागी विघटित होऊ लागते, वायू सुटतो, कॅन फुगतो, तापतो, आणि वेळ वाईट असेल तर पेट घेतो. ती तोटी मी स्वतः काढली. कॅन तिथेच उघडला नाही. बाहेर सावलीत, आडोशाला नेऊन ठेवला आणि विक्रेत्याला बोलावून विल्हेवाटीला दिला. नवा कॅन त्याच्या मूळ प्लास्टिकच्या बुचासह. विद्यार्थ्याला त्या दिवशी पहिल्यांदा जोरात बोललो. पत्रा चिकटला तर पैसे जातात. तो कॅन फुटला असता तर आज मी काय लिहीत असतो कोण जाणे.

बाद झालेले पत्रे वाचतात का, हा आप्पांचा प्रश्न होता. एका फाउंड्रीतल्या ओळखीच्या माणसाने वाळूचे कोअर भाजायची भट्टी सुट्टीच्या दिवशी मंद आचेवर वापरू दिली. उशिरा सेट झालेली झाकणेही त्यात घातली, ती साठ-सत्तर अंशांवर काही तासांत पक्की झाली. ॲसिटोनचा बोळा फिरवला तरी पृष्ठभाग चिकटेना. पत्र्यांपैकी सुरुवातीचे काही सुधारले. ज्यांत दुप्पट कोबाल्ट ओतला होता ते वरून टणक वाटले, पण बोळ्याखाली लगेच चिकट झाले. विद्यार्थ्याचे मन ते विकायचे होते. "गोठ्यालाच तर लावायचेत सर." मी मान हलवली. अर्धवट जुळलेल्या पत्र्यातून स्टायरीन सुटत राहते, आणि दोन उन्हाळ्यांत तो पिवळा पडून तंतू उघडे पडतात. ते पत्रे शेडच्या मागे रचून ठेवले आहेत. अजून तिथेच आहेत.

काकूंना मापटे परत हवे होते. चिंचेने घासले की लख्ख होईल म्हणाल्या. कोबाल्ट लागलेले भांडे स्वयंपाकघरात नको, हे पटवायला मला चार कपांपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी त्यांनी ते मला दिले. आता ते प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात आहे, काठाच्या हिरव्या कडेसह.

राहिला पुरवठादार. आप्पा स्वतः त्याच्याकडे बिल द्यायला गेले, मलाही बरोबर घेतले. त्याने पैसे मोजून घेतले, पावती फाडली आणि विचारले, "मग निघालं काय शेवटी? माझं रेझिन खराब होतं की नाही?"

आप्पा म्हणाले, "न्हाई हो. आमचं मापच खोटं निघालं."

त्याने चहा मागवला.